बाहुलीची उंची न सांगणारा निर्माता

स्वतःला बाहुल्यांच्या स्टॉप-मोशन चित्रपटाचा निर्माता म्हणवणाऱ्या एका गृहस्थाने आमच्याकडून जुन्या वाड्याचा लघुसेट करून घेतला, ठरलेल्या १,८०,००० रुपयांपैकी फक्त ३०,००० रुपये दिले आणि तो सेट एका गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयाला शोभेची वस्तू म्हणून विकून टाकला. कोल्हापुरात मूर्ती, देखावे आणि लघुप्रतिकृती घडवणारे हात पुष्कळ आहेत. उद्या हाच माणूस किंवा याच पद्धतीचा दुसरा कोणी त्यांच्यापैकी कोणाच्याही दारात उभा राहू शकतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्याने विषयाचा अभ्यास केला होता, हे आधी सांगायला हवे. मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबूराव पेंटर यांची कामगिरी, १९२९ साली याच शहरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी, अशा कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टी त्याला तोंडपाठ होत्या. त्याला चौक, सोपा, कडीपाट, तुळशीवृंदावन आणि वर मंगलोरी कौले असा वाडा हवा होता. संपूर्ण सेटआधी नमुना म्हणून वाड्याचा एक कोपरा त्याने विनामूल्य मागितला आणि सोबत सगळे आराखडे व लेझर कटिंगच्या फायलीही मागून घेतल्या.

नमुन्याची मागणी या कामात खोटी वाटत नाही, आणि नेमका याच गोष्टीचा त्याने उपयोग केला. स्टॉप-मोशनमध्ये बाहुली किंचित हलवून एकेक छायाचित्र घेतात. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) जातात. प्रत्येक स्थिती दोन चौकटी ठेवली तरी एका मिनिटासाठी बाहुलीच्या ७२० वेगवेगळ्या स्थिती टिपाव्या लागतात. एका मिनिटाचे चित्रीकरणसुद्धा कित्येक दिवस चालू शकते, आणि तेवढ्या काळात दिव्याचा प्रकाश थोडा कमीजास्त झाला, पावसाळी हवेने प्लायवूड फुगले किंवा भिंत केसभर सरकली, तरी पडद्यावर चित्र थरथरते. त्यामुळे आधी एक कोपरा दिव्याखाली ठेवून पाहणे हे कोणत्याही जाणत्या माणसाचे लक्षण असते. मात्र त्या परीक्षणासाठी आराखडे आणि कटिंगच्या फायली कशाला लागतात, याचे उत्तर त्याने एकदाही सरळ दिले नाही.

खरा अ‍ॅनिमेटर पहिल्याच भेटीत बाहुलीची उंची सांगतो, कारण सेटचे सगळे माप तिच्यावरून ठरते. १:६ प्रमाण धरले तर साडेपाच फुटांचा माणूस अकरा इंचांचा होतो आणि नऊ फुटांची भिंत दीड फुटाची. दार, पायरी, जोते हे सगळे त्याच हिशेबात बसवावे लागते. पुढे तो विचारतो की कोणती भिंत काढता येईल, मागून हात कुठून घालता येईल, आणि पाऊल टाकणाऱ्या बाहुलीला खालून स्क्रूने घट्ट धरण्यासाठी जमिनीला भोके कुठे पाडता येतील. आमच्या या गृहस्थाने यातले काहीही विचारले नाही. बाहुली पाठवा म्हटले की ती अजून घडते आहे, असे उत्तर येई, आणि १:६ हे प्रमाण शेवटी आम्हीच सुचवले. त्याला उत्सुकता होती ती सेट समोरून कसा दिसतो याचीच; चारही भिंती पक्क्या चिकटवा, वरून काच बसेल अशी कड ठेवा, असा त्याचा आग्रह होता. चित्रीकरणाच्या सेटवर काच घालून बाहुलीला हात कसा लावणार?

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या एका कारागिराने कौले एकेक करून थापली, भाजली आणि रंगवली. उद्यमनगरात लाकडी पट्ट्या कापून घेतल्या. या दोघांचेही पैसे आम्हाला आमच्या खिशातून भागवावे लागले. सेट टेम्पोत चढवतानाच उरलेल्या रकमेचा धनादेश हातात ठेवला गेला. तो खात्यात रक्कम नसल्यामुळे परत आला आणि फोन बंद झाला. पुढे एका परिचितांनी पाठवलेल्या छायाचित्रात आमचे तुळशीवृंदावन काचेखाली दिसले, आणि त्याच आराखड्यांवरून दुसऱ्या ठिकाणी केलेली ढोबळ नक्कलही नंतर समोर आली.

ज्यांच्याबाबत असे घडले असेल त्यांनी मुदती सांभाळाव्यात. धनादेश परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यानंतरच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खाली न्यायालयात तक्रार करता येते. माल देण्याआधीच उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली असेल, तर थकलेल्या रकमेसाठी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याचाही आधार मिळतो. आम्ही नोटीस पाठवली आहे. यापुढे नमुन्याचे शुल्क आधी घेऊ, आराखडे आमच्याकडेच ठेवू, बाकी रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय सेट टेम्पोत चढवणार नाही, आणि बाहुली किंवा निदान तिची मोजमापे हाती येईपर्यंत लाकडाला करवत लावणार नाही.