घर सजवून विकून देतो म्हणाले, आणि आईचं सागवान घेऊन गेले

जुनं घर विकायला काढलं असेल आणि कुणी ‘होम स्टेजिंग करून देतो (म्हणजे विकण्यासाठी घर भाड्याच्या फर्निचरने सजवून देतो), भाव वाढवून देतो’ म्हणत आलं, तर त्याच्या कोटेशनमधली ‘अनावश्यक सामान हलवणे’ ही ओळ सगळ्यात आधी वाचा. आमची फसवणूक त्या एका ओळीत झाली.

घर लातूरचं. अण्णांनी किल्लारीच्या भूकंपानंतर, 1996 साली बांधलेलं, खाली चार खोल्या, वर गच्ची. अण्णा गेल्यावर आई दादाकडे छत्रपती संभाजीनगरला राहायला गेली. मी सोलापूरला असते. घर बंद पडलं तसं तिघांनी मिळून विकायचं ठरवलं. ओळखीतून एक एजंट आला. बोलायला फार गोड. ‘ताई, लोक घर बघून नाही, घरात आपण कसे दिसू ते बघून घेतात’ म्हणाला. मोबाईलवर पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. अडीच लाखांच्या आत खर्च करा, भाव सरळ वीस टक्क्यांनी वाढेल, हे त्याने आईसमोर छातीठोकपणे सांगितलं. आईला तीच गोष्ट पटली, कारण आलेल्या पैशातून तिला नातीच्या शिक्षणाला काही द्यायचं होतं.

या वीस टक्क्यांबद्दल आधी सांगते. घर भाड्याच्या फर्निचरने मांडून विकण्याची ही पद्धत अमेरिकेतली, 1970 च्या दशकापासूनची. तिथल्या रिअल इस्टेट एजंटांची राष्ट्रीय संघटना यावर पाहण्या करते. 2023 च्या पाहणीत खरेदीदारांच्या 81 टक्के एजंटांनी सांगितलं, की मांडलेलं घर पाहिलं की ते आपलं म्हणून डोळ्यांसमोर आणणं गिऱ्हाइकाला सोपं जातं. भाव वाढतो का, यावर त्यांच्यापैकी 20 टक्के लोक म्हणाले की 1 ते 5 टक्के वाढतो. म्हणजे ज्यांचा हा धंदा आहे त्यांचं मत, तेही तिकडच्या बाजारातलं, आणि तरी आकडा एवढाच. वीस टक्क्यांची हमी देणारा माणूस कुठल्या आधारावर बोलतो, ते त्याच्याकडून लिहून घ्या. आमच्या एजंटाने ते कधीच लिहून दिलं नाही.

कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. एकूण 2,40,000 रुपये, निम्मे आधी. रंग, पडदे, दिवे, दोन महिन्यांसाठी सोफा-पलंग भाड्याने, त्याचं डिपॉझिट 40,000 वेगळं, आणि शेवटी ‘अनावश्यक सामान हलवणे, 9,000’. जीएसटी क्रमांक नाही, पक्कं बिल नाही. किल्ली त्याच्याकडे दिली.

पुढच्या वेळी मी आणि आई घरी गेलो तेव्हा माजघर रिकामं होतं. पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा नव्हता. आरशाचं कपाट नव्हतं. आजीच्या लग्नातलं घंगाळ, तांब्याचा बंब, माळ्यावरचे हंडे-कळशा, सगळं गेलेलं. देवघरसुद्धा. आत देव नव्हते, ते आईने आधीच नेले होते, पण देवघर अण्णांनी स्वतः उभं राहून सुताराकडून करून घेतलेलं होतं. आई त्या मोकळ्या जागेसमोर उभी राहिली आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

फोन केला तर एजंट म्हणाला, ‘ताई, ते जुनं-पुरानं भंगार होतं, तुमच्याच परवानगीनं उचललं, कोटेशनला तुम्ही ‘ओके’ लिहिलंय.’ भंगार म्हणे! तांब्या-पितळेची नुसती मोड घातली तरी किलोला शेकड्यांनी रुपये येतात, आणि तसल्या जुन्या सागवानाला आज लोक शोधत फिरतात. आमचाच माल नेला आणि तो नेण्याचे 9,000 आमच्याकडूनच घेतले. शेजारच्या काकूंनी टेम्पो पाहिला होता. त्यांना ‘पॉलिशला नेतोय’ असं सांगितलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण खऱ्या होम स्टेजिंगमध्ये घरमालकाचं सामान हलवलं तर ते गोदामात ठेवतात आणि घर विकल्यावर परत करतात. ते मालकाचंच राहतं. ही साधी गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती.

दुसरा प्रकार भिंतीचा. मागच्या खोलीत गच्चीवरून ओल उतरते, पावसाळ्यात तिथे लोणा धरतो. गच्चीचा उतार नीट करून वॉटरप्रूफिंग करायचं सोडून त्यांनी ओल्या गिलाव्यावर पुट्टी फासली आणि वर वॉलपेपर चिकटवला. ओल आतच राहिली, क्षार बाहेर यायला लागले आणि थोड्याच दिवसांत कागद फुगून पोपडे खाली पडले. आणि ही झाकाझाकी विकणाऱ्याच्या अंगाशी येते, एजंटाच्या नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, आपल्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. मी वॉलपेपर काढायला लावला आणि येईल त्याला ओल दाखवली. एजंट माझ्यावर चिडला.

गिऱ्हाइकं मात्र काय विचारत होती ते ऐकण्यासारखं आहे. सोफ्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. एक जण मिस्त्री घेऊन आले, त्याने भिंत ठोकून पाहिली आणि ‘एवढ्याच कोपऱ्यात ताजी पुट्टी कशाला?’ असं पहिलंच विचारलं. बाकीच्यांचे प्रश्न ठरलेले: बांधकाम किल्लारीच्या भूकंपाआधीचं की नंतरचं, कॉलम किती, बोअरला मे महिन्यात पाणी राहतं का, हौद किती लिटरचा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या शहरात माणूस दुसरं काय विचारणार? मग कागद: पीआर कार्डावर (मालमत्ता पत्रकावर) वारसांची नावं लागली का, घरपट्टी भरलेली आहे का, बँक कर्ज देईल का.

शेवटी घर घेतलं ते उदगीरकडच्या एका कुटुंबाने. मुलगा अकरावीला, लातूरला क्लास लावलेला. ‘सजावट ऱ्हाऊ द्या ताई, आमचं सामान हाय. बोअरचं सांगा,’ एवढंच ते गृहस्थ म्हणाले. भाव साधारण तोच आला जो सजावटीच्या आधी शेजाऱ्यांनी सांगितला होता. गच्चीच्या दुरुस्तीचे पैसे त्यातून वजा झाले ते वेगळेच. एजंटाने दोन टक्के दलाली घेतली आणि सोफ्यावर ओरखडा आहे म्हणून डिपॉझिटही ठेवून घेतलं.

घर स्वच्छ करणं, जाळी-जळमटं काढणं, बंद खिडक्या उघडून उजेड-वारा येऊ देणं, गळका नळ बदलणं याचा उपयोग होतो, हे मी मनापासून मानते. ते घरच्या माणसांनी आणि ओळखीच्या मिस्त्रीने होतं. तरीही बाहेरच्याला काम द्यायचंच असेल तर किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, वस्तूंची यादी करून दोघांच्या सह्या घ्या, आणि जे हलवायचं ते कुठे ठेवणार, परत कधी देणार हे लिहून घ्या. भाड्याच्या फर्निचरचे फोटो आणतानाच काढा. किमती आणि भावनेच्या वस्तू आधीच नातेवाइकांकडे हलवा.

आम्ही पोलिसांत लेखी अर्ज दिला आहे. सांभाळायला दिलेला माल परस्पर विकणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली विश्वासघात ठरतो, फसवणुकीसाठी कलम 318 आहे. अर्जात सामानाचे जुने लग्न-बारशाचे फोटो जोडले, झोपाळ्यावर बसलेली आजी त्यातल्या तीन फोटोंत आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार तयार आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि 1915 या क्रमांकावर आधी माहिती मिळते. लातूर, नांदेड, परभणी भागात कुणाच्या घरातून ‘पॉलिशला’ किंवा ‘भंगार’ म्हणून असं सामान गेलं असेल, तर तुमचे फोटो आणि चॅट घेऊन तुमच्या ठाण्यात अर्ज द्या. पोलिसांनी आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न ‘अजून कुणाची तक्रार आहे का?’ हाच होता.