व्हायरस लागलेल्या पीसीतून फायली काढायला व्हेंटॉय + लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह: काही महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कोर्टाचं टायपिंग. दिवसभर दुनियेचे पेनड्राइव्ह माझ्या मशीनला लागतात, त्यामुळे व्हायरसचं गिऱ्हाईक आमच्याकडे सर्दीच्या पेशंटसारखं बारमाही. अशा कामांसाठी हल्ली मी एकच हत्यार वापरतो: ३२ जीबीचा साधा पेनड्राइव्ह, त्यावर व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टिम सुरू करून देणारं सॉफ्टवेअर), आणि व्हेंटॉयमध्ये लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) व कॅस्परस्की रेस्क्यू डिस्क (पेनड्राइव्हवरूनच चालणारा अँटिव्हायरस) यांच्या आयएसओ फायली, म्हणजे अख्खी सिस्टिम एका फाईलमध्ये. खर्च फक्त पेनड्राइव्हचा, बाकी सगळं फुकट.

व्हेंटॉयची मजा अशी की तो एकदा टाकला की पुढे आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की यादी येते, हवं ते निवडायचं. मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या बूट मेनूची की मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी. डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, असेम्बल्ड पीसीला मदरबोर्डप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२.

मुळात एवढा खटाटोप का? तर लागण झालेल्या विंडोजलाच ‘तुला काय झालंय’ असं विचारण्यात अर्थ नसतो. व्हायरस त्याच्या आत बसून चालू असतो. तो अँटिव्हायरस बंद पाडू शकतो, स्वतःला लपवू शकतो आणि तुम्ही जोडलेल्या बॅकअपच्या हार्ड डिस्कवरही उतरू शकतो. पेनड्राइव्हवरून मिंट चालवलं की हार्ड डिस्कवरचं विंडोज झोपलेलं राहतं. तिथली ईएक्सई, म्हणजे विंडोजच्या प्रोग्रामची फाईल, मिंटमध्ये नुसती पडून असते.

हिवाळ्यात एका शाळेतून बाई आल्या. “भाऊ, सगळं खाली झालं जी! नुसता शॉर्टकट दाखवून राहिला.” पेनड्राइव्ह उघडला की त्यात पेनड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट, बाकी काही नाही. पण प्रॉपर्टीजमध्ये जागा तर भरलेली दिसत होती. त्याआधी बर्डीवरच्या एका दुकानात त्यांना फॉरमॅटशिवाय इलाज नाही असं सांगितलं होतं. मी मिंटमध्ये लावला. व्हीबीएस (स्क्रिप्टची फाईल) आणि शॉर्टकटच्या शेजारी एक फोल्डर दिसलं, ज्याला नावच नाही. खरं तर नाव असतं, पण ते न दिसणाऱ्या स्पेसचं. काही वर्म (स्वतःच पसरत जाणारे व्हायरस) सगळा डेटा अशा बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकलतात, त्याला हिडन आणि सिस्टिम हे दोन्ही शिक्के मारतात आणि वर शॉर्टकट ठेवतात. माणूस तो दाबतो, आपलं फोल्डर उघडतंही, आणि मागून वर्म चालू होतो. लिनक्स विंडोजच्या त्या हिडनच्या शिक्क्याला जुमानत नाही. दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, गॅदरिंगचे फोटो, सगळं जागच्या जागी होतं. कॉपी केलं आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट केला. हेच काम विंडोजमध्ये हिडनचे शिक्के काढणाऱ्या अ‍ॅट्रिब कमांडने होतं, मला ठाऊक आहे, पण त्यासाठी आधी तो पेनड्राइव्ह विंडोजला लावावा लागतो.

आता काय उचलायचं आणि काय सोडायचं. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि लोक नेमके इथेच घाई करतात. फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, डॉकएक्स, एक्सएलएसएक्स, कोरलच्या सीडीआर एवढं मी घेतो. दाबताच काहीतरी चालू करणाऱ्या ईएक्सई, एससीआर, बॅट, व्हीबीएस, जेएस, एलएनके फायली आणि सॉफ्टवेअरचे सेटअप तिथेच राहतात, गिऱ्हाइकाने कितीही गयावया केली तरी. सॉफ्टवेअर पुन्हा मिळतं. नावाच्या शेवटी काय आहे तेही नीट वाचायचं. विंडोज एक्स्टेन्शन, म्हणजे नावाचं शेपूट, लपवतं, म्हणून ‘बायोडाटा.पीडीएफ.ईएक्सई’ तिथे नुसतं ‘बायोडाटा.पीडीएफ’ दिसतं. मिंटमध्ये शेपूट पूर्ण दिसतं. जुन्या डॉक आणि एक्सएलएस फायलींत मॅक्रो (फाईलच्या आत दडलेला छोटा प्रोग्राम) असू शकतो. त्या मी मिंटमधल्याच लिब्रेऑफिसमध्ये उघडतो आणि नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून देतो. डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स या प्रकारांत मॅक्रो राहतच नाही.

इथे आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. फाईल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा दिसला तर लगेच ‘व्हायरसने खाल्ली’ म्हणून रडू नका. ती फाईल कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाईप केलेली असते आणि मिंटमध्ये तो फॉन्ट नसतो, एवढंच. फॉन्ट असलेल्या मशीनवर ती ठणठणीत उघडते. एक वकीलसाहेब यावरून माझ्याशी चांगलेच तणतणले होते.

स्कॅनिंगबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मिंटमध्ये क्लॅमएव्ही हा फुकट अँटिव्हायरस टाकता येतो, पण तो आयएसओमध्ये आयता येत नाही. लाइव्ह मोडमध्ये (मिंट इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवताना) दरवेळी उतरवा, मग त्याच्या व्याख्या, म्हणजे व्हायरस ओळखायच्या याद्या, उतरवा, आणि मशीन बंद केलं की सगळं पुसलं. व्हेंटॉयमध्ये हे साठवून ठेवायची सोय आहे, ती करूनच घ्या. दुसरं म्हणजे त्याला रॅम भरपूर लागते. दोन जीबीच्या जुन्या डब्यावर स्कॅन मध्येच मरतो आणि टर्मिनलवर नुसतं ‘किल्ड’ एवढा शब्द येतो. पकडही बेताची. कॅस्परस्कीची डिस्क पकडते जास्त, पण तीही ताज्या व्याख्या मागते आणि मोठी हार्ड डिस्क असेल तर दुपार खाते. म्हणून मी स्कॅनला गाळणीतला शेवटचा थर समजतो. पहिला थर म्हणजे वरचा निवडीचा नियम. एखाद्या फाईलवर संशय असेल तर अनेक अँटिव्हायरसकडून फाईल तपासून देणारी व्हायरसटोटल ही साइट आहे, पण तिथे गिऱ्हाइकाची खाजगी कागदपत्रं चढवू नका. चढवलेली फाईल सुरक्षा कंपन्यांपर्यंत जाते. फाईलचा हॅश (तिच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) काढून तेवढाच तिथे शोधला तरी चालतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते बिटलॉकरने, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीने. नव्या लॅपटॉपवर मालकाला पत्ताही नसतो आणि ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेला असतो. मिंट तो ड्राइव्ह दाखवतं, पण ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. फोनवरून लॉगिन करून बघता येते. सिक्युअर बूट (फक्त मान्य सॉफ्टवेअरवरूनच मशीन सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद करण्याआधीच ती की हातात घ्या, कारण ते सेटिंग हलवलं की विंडोजही तीच की मागायला लागू शकतं. व्हेंटॉय सिक्युअर बूट चालू ठेवूनही चालतो, फक्त पहिल्यांदा निळ्या स्क्रीनवर त्याची की नोंदवावी लागते. फास्ट स्टार्टअपमुळे (यात विंडोज पूर्ण बंद होत नाही) विंडोजचा ड्राइव्ह मिंटमध्ये बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरता उघडतो. यावर लोक वैतागतात. मला उलट ते बरं वाटतं, आपल्याला त्यावर लिहायचंच कशाला आहे?

रॅन्समवेअरपुढे (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) मात्र हा पेनड्राइव्ह लंगडा पडतो. एका फोटोग्राफरच्या पीसीवर क्रॅक सॉफ्टवेअरमधून स्टॉप-डीजेव्हीयू घराण्यातला रॅन्समवेअर आला होता. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ची चिठ्ठी, प्रत्येक फाईलला नवं शेपूट. मिंटमधून सगळं एन्क्रिप्टेड सामान दुसऱ्या डिस्कवर जसंच्या तसं काढलं. ते फेकायचं नाही, कारण चावी पुढेमागे बाहेर येऊ शकते. युरोपोल, डच पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या नो मोअर रॅन्समच्या साइटवर नमुना टाकून कुठला प्रकार आहे ते बघता येतं. एमसीसॉफ्ट कंपनीचं डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडायचं सॉफ्टवेअर, ऑफलाइन चावी (अनेकांसाठी एकच असणारी) वापरली गेली असेल तर आशा देतं. आमच्या केसमध्ये चावी ऑनलाइन, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळी असणारी, निघाली. पण हा प्रकार फाईलचा फक्त सुरुवातीचा सुमारे १५० केबी भाग कुलूपबंद करतो. त्यामुळे लग्नाचे मोठे व्हिडिओ, त्याच कॅमेऱ्यातली एक चांगली क्लिप नमुना म्हणून देऊन, दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी परत आले. फोटो गेले ते गेलेच.

डिलीट झालेल्या फायलींसाठी फोटोरेक हे सॉफ्टवेअर आहे. साध्या हार्ड डिस्कवर चांगलं चालतं, पण नावं जातात, नुसत्या आकड्यांच्या फायली हाती येतात. एसएसडीवर ट्रिम (डिलीट झालेली जागा साफ करणारी सोय) चालू असेल तर फार आशा ठेवू नका.

फायली निघाल्या म्हणजे काम संपलं असंही नाही. ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले असं धरूनच चाला आणि ते दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

पेनड्राइव्ह बनवणार असाल तर तो स्वच्छ मशीनवरच बनवा आणि मिंटची आयएसओ त्यांच्याच साइटवरून घेऊन चेकसम (फाईल जशीच्या तशी आली का ते दाखवणारा आकडा) जुळवा. मित्राकडची तयार कॉपी नको. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटची साइट हॅक होऊन सिनॅमन आवृत्तीच्या आयएसओची लिंक मागचं दार (हॅकरला गुपचूप आत येण्याची वाट) असलेल्या फाईलकडे वळवली होती. साइटच हॅक झाली तर तिथला चेकसमही बदलता येतो, म्हणून चेकसमच्या फाईलवरची डिजिटल सहीही तपासा. ती पद्धत मिंटच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये दिली आहे आणि पाच मिनिटांत होते.