यूव्ही संच तळ्यात बसवावा की काठावर?

बागेतल्या तळ्याचे पाणी वारंवार हिरवे होऊ लागले की यूव्ही क्लॅरिफायर (अतिनील किरणांच्या ट्यूबने पाणी निवळवणारा संच) घ्यायचा, इथपर्यंत बहुतेकांचे ठरलेले असते. अडते ते पंप, स्पंज आणि ट्यूब एकाच डब्यात असलेला पाण्यात बुडवायचा संच घ्यावा की पाइपलाइनवर काठाशी बसणारा स्वतंत्र संच घ्यावा, यापाशी. पुण्यातील आमच्या सुमारे ३,००० लिटरच्या तळ्यासाठी मी आधी पहिला घेतला आणि दोन वर्षांनी दुसरा.

काम दोघांचे एकच. साधारण २५४ नॅनोमीटरचे किरण पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळाची वाढ खुंटवतात आणि त्याचे पुंजके होऊन ते फिल्टरमध्ये अडकतात. दगडांना चिकटलेले तंतुमय शेवाळ किंवा मातीचा गढूळपणा यांवर मात्र दोन्हींचा उपयोग नाही.

पाण्यातला संच स्वस्त पडतो, बसवायला प्लंबर लागत नाही आणि नजरेलाही खुपत नाही. आमच्याकडे पंधरवड्यात तळाशी ठेवलेल्या कमळाच्या कुंडीची कड स्वच्छ दिसू लागली होती, हे मान्य केलेच पाहिजे.

त्रास सुरू झाला तो उन्हाळ्यात. आटलेले पाणी आम्ही बोअरच्या जड पाण्याने भरून काढतो, त्यामुळे ट्यूबवरच्या क्वार्ट्झच्या नळीवर क्षारांचा पांढरा, बोटाला खरखरीत लागणारा थर चढे. ट्यूब निळी पेटलेली दिसे, पण किरण त्या थरातच अडत आणि पाणी पुन्हा हिरवे होई. नळी पुसायची म्हणजे वीज बंद करून गुडघाभर पाण्यात उतरायचे आणि अख्खा संच उचलायचा. उचलताना स्पंजमधला गाळ तळ्यात सांडे आणि ज्या निवळ पाण्यासाठी एवढा खटाटोप, तेच पाणी पुढचे दोन दिवस गढूळ राही. दर महिन्याला हे करण्याचा मला मनापासून वीट आला.

काठावरच्या संचात दोन युनियन (फिरवून सोडता येणारे पाइपचे जोड) सैल केले की नळी हातात येते. ती अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून पुसून घेतो, आणि बायपास (संचाला वळसा घालून पाणी नेणारा पाइप) असल्याने तेवढा वेळही पंप चालू राहतो. माशांना औषध देताना ट्यूब बंद ठेवावी लागते, कारण काही औषधे या किरणांनी निकामी होतात. जुन्या संचात पंप आणि ट्यूब एकाच बटणावर असल्याने तीही पंचाईत होती. ट्यूब वर्षाकाठी दोन्हींत बदलावीच लागते.

तळे हजार लिटरच्या आत असेल आणि पाणी नगरपालिकेचे, कमी क्षारांचे असेल, तर पाण्यातला संच कदाचित पुरेसा ठरेल. बोअरच्या पाण्यावर मात्र मी काठावरचाच सुचवेन. तो बसवताना एका टोकाला नळी पूर्ण लांबीने बाहेर ओढता येईल एवढी जागा आवर्जून सोडावी; आम्ही तो कुंपणाच्या भिंतीला खेटून बसवला होता आणि पहिल्याच सफाईला पाइप कापून पुन्हा जोडावे लागले.