स्पॅनिश क्रियापदांतील आघात शिकवणारे सराव-अ‍ॅप: एक परीक्षण

स्पॅनिश क्रियापदांची रूपे पाठ करून घेणारी अ‍ॅप पुष्कळ आहेत. परंतु त्या रूपांची अक्षरे कशी तोडावीत आणि आघात नेमका कोठे द्यावा, एवढ्याच विषयाला वाहिलेले हे अ‍ॅप त्यांहून वेगळे ठरते. या भाषेत आघात चुकला की काळ आणि कर्ताही बदलू शकतो: ‘आब्लो’मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिल्यास ‘मी बोलतो’ आणि शेवटच्या अक्षरावर दिल्यास ‘तो बोलला’ असा अर्थ होतो. स्वर, ‘एन’ किंवा ‘एस’ यांनी संपणाऱ्या शब्दांत उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) अक्षरावर आणि इतर शब्दांत अन्त्य (शेवटच्या) अक्षरावर आघात असतो. हा क्रम मोडला की आघातचिन्ह (स्वरावरची तिरपी रेघ) लिहावे लागते. एवढे पहिल्याच पाठात थोडक्यात उरकले आहे.

खरी मेहनत दिसते ती जोडस्वरांच्या (एकाच अक्षरात एकत्र उच्चारल्या जाणाऱ्या दोन स्वरांच्या) पाठांत. ‘काम्बियार’ (बदलणे) आणि ‘कोन्फियार’ (विश्वास ठेवणे) एकाच साच्यातील वाटतात; पण ‘मी बदलतो’ हे ‘काम्-ब्यो’ असे दोनच अक्षरांचे रूप आहे, तर ‘मी विश्वास ठेवतो’ म्हणताना ‘ई’ आघात स्वतःकडे घेऊन शेजारच्या ‘ओ’पासून वेगळा होतो आणि ‘कोन्-फी-ओ’ अशी तीन अक्षरे पडतात. कोणते क्रियापद कोणत्या गटातले, हे शेवटावरून ओळखता येत नाही, ते लक्षातच ठेवावे लागते, हे अ‍ॅप स्पष्टपणे सांगते, आणि तो प्रामाणिकपणा मला आवडला. सर्वनामे जोडलेली आज्ञार्थी रूपेही नेटकी समजावली आहेत: ‘दामे’ (मला दे) चिन्हाविना आणि ‘दामेलो’ (ते मला दे) चिन्हासह लिहितात, कारण आघात जागचा हलला नसला तरी शब्द लांबल्यामुळे तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो.

ध्वनिमुद्रणे मात्र निराश करतात. संथ उच्चाराचा पर्याय निवडला की प्रत्येक अक्षर सुटे आणि सारख्याच जोराने ऐकू येते. म्हणजे जे ऐकण्यासाठी हे अ‍ॅप घ्यावे तेच नाहीसे होते. अर्जेंटिनातील ‘वोस’ (तू) या सर्वनामासोबतची रूपे, ज्यांत ‘आब्लास’चा आघात अन्त्य अक्षरावर जातो, पूर्णपणे वगळली आहेत.

याहून गंभीर दोष उत्तरसूचीत आहे. ‘गियो’ (त्याने वाट दाखवली) यासारखी रूपे कोणी दोन अक्षरांत उच्चारली, तरी लेखनापुरती ती एकाक्षरी मानून चिन्हाविना लिहावीत, असा स्पॅनिश अकादमींचा (या भाषेचे लेखननियम ठरवणाऱ्या संस्थांचा) 2010 सालापासूनचा नियम आहे. 1999 च्या नियमावलीत दोन्ही लेखने चालत होती. अ‍ॅप मात्र अजून चिन्हाचा आग्रह धरून अचूक उत्तराला चूक ठरवते. उत्तरसूची सुधारेपर्यंत अशा रूपांपुरते त्याचे गुणांकन विचारात घेऊ नये.