आई-बाबांच्या टीव्हीला काय लावायचं: केबलचा बॉक्स, डीटीएच की फ्री डिश?

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला, टीव्ही बंद पडलाय म्हणाली, निळा पडदा येतोय आणि नो सिग्नल लिहिलंय. टीव्ही ठणठणीत होता, टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण चुकून दाबलं गेलं होतं बस, पण ते कळेपर्यंत दोन दिवस मावशी मालिकेविना बसली होती. तिला आता केबल बदलायची आहे, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना हाच प्रश्न पडलेला असतो की गावी आईवडिलांकडे नेमकं काय बसवायचं. तर जे बघितलंय, वापरलंय, त्यावरून लिहितोय.

आधी नुसत्या अँटेनाचा विषय संपवतो कारण अजून काही जण विचारतात. पुण्याच्या आसपासची जुनी घरं आठवा, गच्चीवरचे सगळे अँटेना सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या ट्रान्समीटरकडे तोंड करून असायचे. दूरदर्शनचे असे जुन्या पद्धतीचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर मार्च २०२२ पर्यंत मोजके सोडून बंद झाले. अँटेनावर डिजिटल दूरदर्शन २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झालं, त्यात मुंबई आणि औरंगाबाद होतं, पण त्याला टीव्हीत वेगळा ट्यूनर लागतो आणि चॅनल मोजकेच. गावासाठी हा पर्याय धरू नका.

आता केबल. जुनी अ‍ॅनालॉग केबल म्हणजे वायर थेट टीव्हीच्या मागे, एक स्प्लिटर टाकला की आतल्या खोलीतला टीव्ही पण चालू, आणि सिग्नल कमी असेल तर मुंग्या यायच्या, सावल्या पडायच्या, पण काहीतरी दिसत राहायचं, आवाज तर यायचाच. डिजिटलमध्ये चित्र एकतर स्वच्छ नाहीतर चौकोन चौकोन होऊन अडकणार, अधलंमधलं फारसं नाही. म्हातारी माणसं मुंग्यांमधून क्रिकेट बघायची हो, पण अडकलेल्या चित्राला काय करणार. दुसरी बाजू पण खरी आहे, अ‍ॅनालॉगमध्ये एका चॅनलला जेवढी जागा लागायची तेवढ्यात डिजिटलचे दहाएक चॅनल बसतात, म्हणून तर एवढे मराठी चॅनल आले आणि स्पष्ट दिसायला लागले.

केबलचा हा बदल एकदम झाला नाही. जुनी केबल बंद करून डिजिटल बॉक्स बसवायची मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२, पुणे नाशिक नागपूर सोलापूरची ३१ मार्च २०१३, आणि गावांपर्यंत पोचता पोचता मार्च २०१७ आलं. मग फेब्रुवारी २०१९ ला ट्राय या सरकारी नियामक संस्थेचे नवे नियम लागू झाले, शंभर चॅनलपर्यंत महिन्याला १३० रुपये नेटवर्कचे, म्हणजे कनेक्शनचे, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैसेवाल्या चॅनलचे वेगळे. तेव्हा कितीतरी घरांत मराठी पॅक निवडलाच गेला नाही आणि एके दिवशी आवडीचं चॅनल गायब, हे आमच्याकडेही झालं. २०२० ला १३० रुपयांत २०० चॅनल झाले, आणि जुलै २०२४ पासून नेटवर्कच्या पैशांवरची वरची मर्यादाच काढली, त्यामुळे आता दर विचारूनच घ्या, शेजाऱ्याचा दर तुमचा असेलच असं नाही. दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स लागणार आणि त्याचे पैसे वेगळे, हे पण आधीच बोलून ठेवा.

तरीही केबलची एक गोष्ट मला फार मोठी वाटते, ती म्हणजे केबलवाला. बिघडलं तर तो संध्याकाळी सायकलवर किंवा बाईकवर येतो, त्याला आईचं घर माहीत असतं, पैसे दोन दिवस उशिरा दिले तर बहुतेक ठिकाणी लगेच तोडत नाही, आणि गावच्या गणपतीची मिरवणूक लोकल चॅनलवर दाखवतो. एकट्या राहणाऱ्या माणसाला हे चॅनलच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

डीटीएच म्हणजे गच्चीवरच्या छत्रीतून थेट उपग्रहावरून चॅनल देणारी कंपनीची सेवा. त्यात चित्र एकसारखं चांगलं, एचडी हवं असेल तर मजा येते, रिचार्ज तुम्ही मुंबईत किंवा दुबईत बसून मोबाईलवरून करू शकता, हा मुलांसाठी मोठाच फायदा. पण रिचार्ज संपला की त्याच दिवशी पडदा बंद, आणि आई तुम्हाला फोन करायला संकोचते, तशीच बसून राहते. जोराचा पाऊस आला की सिग्नल जातो, कोकणात जूनपासून पुढे हे सारखं होतं, ढग सरले की आपोआप येतो. तक्रार करायची तर कॉल सेंटरला फोन, हे दाबा ते दाबा, सत्तरीच्या माणसाला ते जमत नाही. शिवाय कंपनी बदलली की जुना बॉक्स तिकडे चालत नाही, नवा घ्यायचा.

फ्री डिश म्हणजे दूरदर्शनची सेवा, डिसेंबर २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झाली. डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, नंतर महिन्याला काही नाही. सह्याद्री मिळतं, बातम्या, भक्ती, जुने सिनेमे आणि काही मराठी चॅनल. मात्र खासगी चॅनल लिलावात जागा घेऊन तिथे येतात, त्यामुळे आज आहे ते पुढच्या वर्षी असेलच असं नाही, २०१९ ला मोठ्या कंपन्यांचे हिंदी मालिकांचे चॅनल असेच निघून गेले आणि नंतर परत आले. आईची रात्री आठची ठरलेली मालिका मोठ्या पेड चॅनलवर असेल तर ती इथे मिळणार नाही, बसवायच्या आधी हे तिला सांगा, नंतर सांगू नका. बॉक्स घेताना एमपेग-४ या नव्या पद्धतीचाच मागा, जुन्या बॉक्सवर चॅनल कमी दिसतात. छत्रीचं तोंड आपल्याकडून आग्नेयेला, बऱ्यापैकी वर लागतं, त्या बाजूला नारळ किंवा शेजारची नवी बिल्डिंग असेल तर आधी गच्चीवर जाऊन बघून या.

माझं मत विचाराल तर गावात चांगला केबलवाला असेल आणि माणूस एकटं राहत असेल तर केबलच. शेतावरच्या घरात जिथे वायरच पोचत नाही आणि पगार पेन्शन बेताची, तिथे फ्री डिश, डोळे झाकून. डीटीएच तेव्हाच, जेव्हा घरात रिचार्जकडे लक्ष देणारं कुणीतरी नक्की आहे, आणि तारीख तुमच्या मोबाईलमध्ये लावलेली आहे.

मावशीकडे शेवटी केबलच ठेवली. टीव्हीच्या रिमोटवर पॉवर आणि आवाज सोडून सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावली, बॉक्सच्या रिमोटवर लाल दोरा बांधला, आणि तिच्या पाच चॅनलचे नंबर मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून टीव्हीशेजारी लावले. केबलवाल्याचा नंबर पण त्याच पुठ्ठ्यावर आहे, कारण चॅनलचे नंबर मध्येच बदलतात आणि तेव्हा नवे कोणते ते त्यालाच विचारावं लागतं.