डन्जन्स अँड ड्रॅगन्स: १९८१ चे नियम की २०२४ चे?

गट जमलाय, फासे आलेत, डीएम (खेळ चालवणारा डन्जन मास्टर) कोण होणार हेही ठरलंय. गाडी अडलीय ती आवृत्तीवर. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन टेबलावर खेळायचा कल्पनारम्य खेळ आणला, तेव्हापासून त्याची इतकी रूपं निघाली की नवखा माणूस गोंधळणारच. मी जुन्या आणि नव्या, दोन्ही नियमांनी खेळ चालवले आहेत. निवड करताना मला दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: खेळ एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट) कशाचे देतो आणि पात्र मरतं कसं.

जुन्यांपैकी मी १९८१ चा बेसिक आणि एक्स्पर्ट हा संच धरतो. ६४-६४ पानांची दोन पुस्तकं. बेसिकमध्ये लेव्हल १ ते ३, एक्स्पर्टमध्ये १४ पर्यंत. क्लास (पात्राचे प्रकार, जसे फायटर किंवा जादूगार) सातच, आणि ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग या मानवेतर जमाती स्वतःच क्लास. तीन फासे सहा वेळा टाकायचे, जे पडेल ते पात्राच्या सहा गुणांपुढे त्याच क्रमानं मांडायचं. दहा-पंधरा मिनिटांत पात्र तयार.

आता एक्सपी. या आवृत्तीत गॉब्लिन (एक किरकोळ राक्षस) मारला तर ५ एक्सपी मिळतात, आणि फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० लागतात. म्हणजे एकट्यानं चारशे गॉब्लिन कापायचे! असं कोणी करत नाही, कारण सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे १ एक्सपी असतो. खेळाडूंच्या हे एकदा लक्षात आलं की त्यांचं वागणंच बदलतं. ते लढाई टाळतात, दारापाशी कान लावतात, गॉब्लिनांशी बोलणी करतात, राक्षस झोपेपर्यंत थांबतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत गॉब्लिनचे ५० एक्सपी आणि दुसरी लेव्हल ३०० वर. सहा गॉब्लिन, संपलं. तिथे खेळाडू तलवार उपसूनच आत शिरतात, आणि नियमांनी त्यांना तेच सुचवलेलं असतं. अर्थात पाचवीत बरेच डीएम एक्सपी मोजतच नाहीत, कथेत मोठा टप्पा आला की सगळ्यांची लेव्हल वाढवतात. हा मार्ग पुस्तकातच दिलेला आहे.

मरणाचं तर विचारूच नका. १९८१ मध्ये हिट पॉइंट (पात्र किती मार सोसेल तो आकडा) शून्यावर आले की पात्र मेलं. जादूगाराचे हिट पॉइंट चार बाजूंच्या फाशावर ठरतात, तेव्हा तो एका फटक्यात जाऊ शकतो, आणि पहिल्या लेव्हलला त्याच्याकडे स्पेलही (जादूचा मंत्र) दिवसाला एकच. पाचवीत शून्यावर आलेलं पात्र बेशुद्ध पडतं. दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा: १० किंवा वर पडलं तर यश. तीन यशं आली की जीव स्थिरावतो, तीन अपयशं आली की संपलं. मधेच कोणी बरं करणारा स्पेल टाकला तर पात्र उठून पुन्हा लढायला लागतं. रात्रभराच्या विश्रांतीनंतर सगळे हिट पॉइंट परत.

तुमच्या गटातल्या कोणी आपल्या पात्राची तीन पानी पूर्वकथा लिहून आणणार असेल, तर त्याला १९८१ च्या टेबलावर बसवू नका. पहिल्याच सेशनला ते पात्र खड्ड्यात पडून मेलं तर त्याचं मन खरंच मोडेल. उलट दर वेळी वेगळेच चारजण येणार असतील, पूर्वतयारीला वेळ नसेल, तर जुनी आवृत्ती सोन्यासारखी आहे. खेळातल्या दहा मिनिटांचा एक टर्न, मशाल सहा टर्न टिकते, दर दोन टर्नांनी भटक्या राक्षसासाठी फासा टाकायचा. ही तीन घड्याळं चालू ठेवली की भीती आपोआप तयार होते, डीएमला नाट्य रचावं लागत नाही. मूळ पुस्तकं मिळाली नाहीत तर ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स घ्या. त्यात हेच नियम नीट मांडलेले आहेत.

मधल्या आवृत्त्यांबद्दल थोडक्यात. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतल्या ‘थॅको’ला (वार लागला का ते ठरवणाऱ्या आकड्याला) लोक उगाच घाबरतात. ती साधी वजाबाकी आहे: थॅको १८, समोरच्याचा एसी (बचावाचा आकडा) ५, म्हणजे फाशावर १३ हवेत. २००३ ची साडेतीन (३.५) आवृत्ती ही पात्रबांधणीचं वेड असलेल्यांसाठी. फीट (पात्राची खास करामत) आणि स्किलच्या हिशोबात खेळाडू रमतात, पण डीएमची तयारी फार वाढते, म्हणून पहिल्यांदाच डीएम होणाऱ्याला मी ती देणार नाही. २००८ ची चौथी चौकटींच्या नकाशावरच्या डावपेचांसाठी उत्तम आहे, आणि तिला मिळाली त्याहून जास्त कदर मिळायला हवी होती.

राहिला प्रश्न पाचवीचाच: २०१४ ची पुस्तकं की २०२४ ची सुधारित? २०२४ मध्ये ‘रेस’ऐवजी ‘स्पीशीज’ आलं, गुणांमधली वाढ बॅकग्राउंडवर (पात्राच्या पूर्वायुष्यावर) गेली आणि पहिल्या लेव्हललाच एक फीट मिळू लागलं. सगळ्या क्लासना सबक्लास (क्लासमधली शाखा) आता तिसऱ्या लेव्हलला. लढवय्यांना वेपन मास्टरी मिळाली, ही मला सर्वांत आवडलेली सुधारणा: पूर्वी ‘मी मारतो’ यापुढे त्यांना फारसं काही नसायचं, आता शस्त्र बदललं की डाव बदलतो. पुस्तकाची मांडणीही शिकायला सोपी. पण पात्रं आणखी बळकट झाली आहेत, त्यामुळे २०१४ चं साहस (तयार कथानक) चालवताना लढाया थोड्या कठीण कराव्या लागतात.

कोरी सुरुवात असेल तर २०२४ घ्या. घरात २०१४ ची पुस्तकं असतील तर नवीन घेण्याची घाई नको. विकत घेण्याआधी चाखून बघायचं असेल तर दोन्हींचे मूळ नियम सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट म्हणून मोफत मिळतात, पहिल्या काही सेशनना तेवढं पुरतं. फक्त एका टेबलावर कोणती आवृत्ती चालणार हे आधी बोलून घ्या. थकव्याचा नियम दोन्हींत वेगळा, बेसावध गाठण्याचाही वेगळा, आणि ऐन लढाईत त्यावरून वाद घालण्यात सगळा रंग जातो.

आणि नवी आवृत्ती घेतलीत तरी १९८१ मधून दोन गोष्टी जरूर उचला. राक्षस भेटला की आधी दोन फासे टाकून तो कोणत्या मनःस्थितीत आहे ते ठरवा, आणि त्यांच्यातला पहिला पडला की पुन्हा दोन फासे टाकून बाकीचे पळतात का ते बघा. पळून गेलेला एखादा गॉब्लिन पुढच्या सेशनला कोणाला तरी घेऊन परत येतो.