ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपसाठी कूलर: नळीचा की प्लेटचा?

ऑटोमॅटिक पिकअपमागे ट्रेलर जोडून खंबाटकी घाट हळूहळू चढताना टॉर्क कन्व्हर्टरमुळे (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) गिअरबॉक्सचे तेल फार तापते, म्हणून जादा कूलर हवा हे पुण्यातील एका स्नेह्यांना पटले आहे. त्यांचे अडले आहे ते प्रकारापाशी.

किमतीत नळीचा कूलर, म्हणजे पातळ पत्र्यांमधून वळणे घेत जाणारी नळी, स्वस्त पडतो. मात्र एसीच्या कंडेन्सरपुढे (रेडिएटरसमोरची एसीची जाळी), जिथे कूलर बसतो, जागा बेताची असते आणि तेवढ्याच आकारात प्लेटचा कूलर अधिक उष्णता काढतो, कारण त्यात तेल अनेक समांतर, अरुंद मार्गांतून घुसळत जाते. याच अरुंदपणामुळे गिअरबॉक्स बिघडून धातूचा कीस तेलात उतरला, तर तो धुऊन नीट निघत नाही आणि कूलर बदलणेच शहाणपणाचे ठरते. नळी धुणे त्या मानाने सोपे.

जोडणी दोन्हींची सारखीच, रेडिएटरमधील मूळ कूलरनंतर गिअरबॉक्सकडे तेल परत नेणाऱ्या पाइपवर. कंडेन्सरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून कूलर बांधू देऊ नये, कारण हादऱ्यांनी घासून गळती होऊ शकते. लोखंडी ब्रॅकेटच करून घ्यावे.

अधूनमधून हलका ट्रेलर सपाट रस्त्याने नेणाऱ्यास नळीचा पुरतो. जड ट्रेलर नेहमी घाटातून ओढणाऱ्याने मात्र प्लेटचाच घ्यावा.